उदक सोडणे

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षे पाणी सोडण्याचे काम केले. हे वाक्य ऐकले की लोक हसतात. मराठीत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे म्हणजे तिची आशा सोडणे, आणि सरकारी नोकराने चौतीस वर्षे कामावर पाणी सोडले, यात कोणालाच काही विशेष वाटत नाही. पण खरं सांगतो, पाणी सोडणे हे फार कटकटीचे काम आहे. कालव्याला एक आवर्तन सोडायचे तर कालवा सल्लागार समितीची बैठक लागते. बैठकीला मंत्री लागतात, आमदार लागतात, चहा लागतो. वरचे शेतकरी म्हणतात आत्ता सोडा, खालचे म्हणतात आमच्यापर्यंत पोचतच नाही, शहरवाले म्हणतात सोडूच नका, आम्ही प्यायचं काय? मग ठराव, मग सही, मग आदेश, आणि त्यानंतर कुठे आमचा माणूस जाऊन दरवाजा फिरवणार. तेव्हा चार जणांना विचारल्याशिवाय पाणी सोडू नये, ही गोष्ट माझ्या हाडीमाशी खिळलेली आहे अशी माझी समजूत होती.

ती गेल्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीला खोटी ठरली. गणपतीचे विसर्जन करून आम्ही घरी आलो, रिकाम्या चौरंगाकडे बघून नेहमीसारखे उदास झालो, उरलेले दोन मोदक मी खाल्ले (एकूण किती, हा प्रश्न इथे गौण आहे) आणि तांब्यातले थोडे पाणी तळहातावर घेऊन मनात म्हटले, ‘उद्यापासून ब्याण्णव दिवस भात, पोळी आणि साखर वर्ज्य.’ आणि सोडले उदक! ठराव नाही, सही नाही, समिती नाही. पाणी फरशीवर सांडले. सौभाग्यवतींनी ते पुसले आणि विचारले, ‘‘काय सांडलंत?’’

कारण असे की त्या आधीच्या आठवड्यात माझ्या रक्ताचा कागद आला होता. तीन महिन्यांच्या साखरेचा म्हणून जो आकडा असतो तो ६.३. साडेसहापासून पुढे मधुमेह. डॉक्टर म्हणाले, ‘‘सीमारेषेवर आहात. भात-पोळी जरा कमी करा.’’ आता ‘जरा’ हे माप आमच्या खात्यात नव्हते. क्युसेक होते, टीएमसी होते, ‘जरा’ नव्हते. शिवाय मधुमेहाशी आमच्या घराची ओळख जुनी. माझ्या वडिलांना, अण्णांना, शेवटची दोन वर्षे डोळ्यांनी दिसत नव्हते. वर्तमानपत्र मी वाचून दाखवायचो आणि ते मृत्युलेखांपासून सुरुवात करायला सांगायचे. त्यामुळे मी ‘जरा’ वगैरे भानगडीत न पडता एकदम दरवाजेच बंद केले.

ब्याण्णव दिवसच का? तर ब्याण्णवाव्या दिवशी डिसेंबरातला एक रविवार होता आणि त्या रविवारी मी २१.१ किलोमीटर पळायचे पैसे आधीच भरले होते. हो, मी पळतो. पुण्यात १९८३ साली मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवण्याचे हे काम मी पुढची तीसेक वर्षे नेटाने केले. पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी मात्र वाटले, आपणही बघावे. तेव्हापासून मी पळतो. मी ज्याला पळणे म्हणतो त्याला पर्वतीवर येणारे लोक ‘काका घाईत आहेत’ असे म्हणतात, पण अंतर पुरे होते.

पळणे आणि भात सोडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करू नयेत, असे मला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी ऐकले नसते. आपल्याकडे उपाशीपोटी कष्ट करणाऱ्याला मान आहे. उपाशी माणसे पंढरपूरपर्यंत चालतात, अशी माझी एक अंधूक कल्पना होती. नंतर एका वारकऱ्याने डोळे उघडले. म्हणाला, ‘‘उपाशी कशाला? वाटेत इतकं खायला घालतात की चाललो नाही तर पचणार नाही.’’ आणि आपले उपास तरी काय? साबुदाणा, बटाटा, रताळे, वऱ्याचे तांदूळ! शाळेच्या पुस्तकात ज्यांना पिष्टमय पदार्थ म्हणत आणि हल्ली ज्यांना कार्ब्स म्हणतात, त्यांचे संमेलन भरवायचे असेल तर एकादशीइतका चांगला मुहूर्त नाही. त्यामुळे मी जे आरंभले त्याला उपास म्हणायची सोय नव्हती. एकादशीला तर मी सर्वात जास्त उपाशी राहिलो.

शरीरात काय होते हे मला माझ्या भाषेत कळले ते असे. आपण खाल्लेला भात साखर होऊन यकृतात आणि स्नायूंत साठतो. साठा लहान, चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. हे आपले खडकवासला. १.९७ टीएमसी. गावाला लागून, दरवाजा उघडला की पाणी कालव्यात. पण लहान. पंचवीस-तीस किलोमीटर पळालात की तळ दिसतो. बेचाळीस किलोमीटर पळणारे तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला ‘भिंत’ लागली म्हणतात ती हीच. आणि चरबी म्हणजे पानशेत-वरसगाव. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२! माझ्या शरीराचा हिशेब केला तर हे धरण खडकवासल्याच्या सत्तरपट तरी निघेल, पण ते डोंगरापलीकडे, आणि साठ वर्षे खडकवासला रोज तिन्हीत्रिकाळ भरत असल्यामुळे पानशेतचा दरवाजा उघडायची वेळच आलेली नाही. तो गंजलेला. भात सोडणे म्हणजे खडकवासला मुद्दाम कोरडे ठेवायचे आणि वरच्या धरणाला सांगायचे, बाबा, सोड आता. ते सोडते, पण आधी तीन-चार आठवडे फायली हलत नाहीत. (पानशेत एकदम फुटले तर काय, असा विनोद इथे सुचतो. १९६१ च्या १२ जुलैला ज्यांनी पाणी पाहिले त्या घरातला मी आहे, म्हणून तो करत नाही.)

पहिल्या दहा दिवसांत वजन तीन किलो उतरले. मी सोसायटीत प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितले. मग मुलीचा फोन आला. ती बंगलोरला असते आणि तिला सगळे माहीत असते. ‘‘बाबा, ती चरबी नाही. साखरेच्या साठ्याबरोबर तिप्पट पाणी धरलेलं असतं, साठा गेला की तेही जातं. तुम्ही पाणी सोडलंय.’’ म्हणजे पुन्हा तेच!

त्या पहिल्या दोन आठवड्यांबद्दल मी फार बोलणार नाही. डोके दुखायचे. जिना चढताना पाय दुसऱ्या कोणाचे तरी वाटायचे. पाच किलोमीटरला पूर्वी जितका दम लागायचा तितका दोनला लागायचा. पितृपक्षात वडे आले, खीर आली. मी अण्णांच्या पानाकडे बघून हात जोडले आणि फ्लॉवर खाल्ला. फ्लॉवर किसून त्याचा भात करतात. करतात म्हणजे काय, त्याला भात म्हणतात. दसऱ्याच्या श्रीखंडाकडे मी पाठ करून बसलो. कोजागरीला चंद्र बघितला. चंद्रात कार्ब्स नसतात.

भात सोडलेला माणूस मी पहिला नव्हे. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने पाव, साखर, बटाटे, बिअर वगैरे सोडून आपण कसे बारीक झालो याची पुस्तिका काढली होती आणि ती खूप खपली. पाच फूट पाच इंच उंची आणि २०२ पौंड वजनाच्या या गृहस्थाचा धंदा होता अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा. त्याच्या घराण्याच्या पेढीने राजघराण्यातल्या लोकांना पोचवले होते. अशा माणसाने गिऱ्हाइकांना जास्त जगायचा उपाय फुकट सांगावा, यापरता निःस्वार्थीपणा मी पाहिलेला नाही.

मात्र भात सोडून पळणे हा मामला वेगळा. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क या संशोधक बाईंनी चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंना तीन आठवडे असेच जेवू घातले, त्याचा निष्कर्ष २०१७ साली छापून आला. खेळाडू चरबी जाळायला झकास शिकले, पण तेवढ्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागू लागला. भात-पावावर असलेल्या मंडळींच्या वेळा सुधारल्या, यांच्या सुधारल्या नाहीत. हे मी शर्यतीनंतर वाचले. माझा स्वभावच असा आहे. टेंडर उघडल्यावर मी अंदाजपत्रक बघतो.

पण मला सांगायचे आहे ते छत्तिसाव्या दिवसाबद्दल. रविवार होता. चौथ्या आठवड्यानंतर थोडे बरे वाटू लागले होते, म्हणून मी ठरवले की पर्वतीच्या पायथ्यापासून, म्हणजे आमच्या घरापासून, खडकवासल्यापर्यंत पळत जायचे आणि बसने परत यायचे. पंधरा-सोळा किलोमीटर. पूर्वी कितीदा केले होते. वडगाव झाले, धायरी फाटा झाला, नांदेड फाटा झाला. मी मजेत होतो. पानशेतचा दरवाजा उघडला, असे मला वाटले. किरकटवाडी फाटा गेला आणि एकदम दिवे गेले. थकवा मला माहीत आहे, हे थकणे नव्हते. जणू कोणीतरी माझ्यातून उठून निघून गेले. समोरून येणारा टेम्पो मला दिसत होता, पण त्याच्यापासून बाजूला व्हावे की न व्हावे याबद्दल मला काही मत नव्हते. कसाबसा चौपाटीपर्यंत पोचलो आणि कठड्यावर बसलो. पुढ्यात धरण. चौतीस वर्षे ज्याच्या पातळीचे आकडे लिहिले ते धरण काठोकाठ भरलेले, आणि त्याच्या काठावर मी, मृत साठ्यावर.

तिथे कणसे विकणारी एक बाई नुकतीच शेगडी पेटवत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि न विचारता एका स्टीलच्या ताटलीत गुळाचे तीन खडे आणि पेलाभर पाणी पुढे केले.

‘‘चक्कर आली व्हय, काका? घ्या.’’

मी म्हटले, ‘‘नको. चालत नाही.’’

‘‘उपास हाय?’’

‘‘तसंच.’’

‘‘कुनाचा?’’

आता काय सांगणार? गुरुवार नाही, शनिवार नाही, चतुर्थी नाही. मी खरे तेच बोललो. म्हटले, ‘‘माझाच. माझा मीच ठरवलाय.’’

ती हसली. म्हणाली, ‘‘म्हंजे देव बी तुमीच आन् भगत बी तुमीच. मग सोडायला कुनाची वाट बघताय?’’

वाचकहो, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी ज्यावर प्रबंध लिहितात तो प्रश्न त्या बाईने कणीस उलटता उलटता टाकला होता. मी दुसऱ्या कोणाला शब्द दिला तर त्यातून मला मोकळे करायचा अधिकार त्याचा. मी तुमचे शंभर रुपये लागतो, तुम्ही म्हणालात राहू द्या, मिटले. पण मी माझेच शंभर रुपये लागत असेन तर? मला वाटेल तेव्हा मी मला माफ करणार. मग ते देणे कसले? अर्जदार मी, शिफारस करणारा मी, मंजुरी अधिकारीही मी, आणि शिक्का कायम खिशात. आमच्या खात्यात असे प्रकरण सापडले असते तर लेखापरीक्षकांनी जागेवर निलंबित केले असते.

आमच्या अण्णांची गोष्ट सांगतो. १९७८ साली त्यांना मधुमेह निघाला तेव्हा आईने त्यांच्याकडून शब्द घेतला, चहात साखर घालणार नाही. अण्णा शिक्षक होते, शब्दाला पक्के. बिनसाखरेचा चहा सुरू झाला. पेढे मात्र ते राजरोस खायचे. आई कळवळून बोलली तर म्हणायचे, ‘‘शब्द चहाचा दिला होता. पेढ्याचा दिलेला नाही.’’ १९९४ साली आई गेली. चौदाव्या दिवशी गोडाचे जेवण झाले, दुपारी माझ्या मावशीने सगळ्यांना चहा केला आणि आता काय बाकी राहिलंय या भावनेने अण्णांच्या कपात दोन चमचे साखर घातली. अण्णांनी एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. ‘‘तिला विचारलंस का?’’ एवढेच म्हणाले. पुढे नऊ वर्षे, जाईपर्यंत, त्यांनी तो कडू चहा प्यायला. सोडवणारे माणूसच उरले नव्हते, त्यामुळे शब्द सुटायची सोय नव्हती. पेढे चालू होते.

मी त्या कठड्यावर बसून ताटलीकडे बघत होतो आणि मला दोन माणसे दिसत होती. एक, पोटात मोदक घेऊन चौरंगाशेजारी बसलेला, ज्याने उदक सोडले. दुसरा, इथला, ज्याचे गुडघे थरथरत होते. पहिल्याने दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढले होते आणि स्वतः जामीन राहिला नव्हता. त्याला कुठे माहीत होते किरकटवाडी फाट्यानंतर काय होते ते? मग दुसऱ्याने त्याचे का ऐकावे? पण हेही दिसत होते की हा कठड्यावरचा माणूस फार तर वीस मिनिटे जगणार आहे. गूळ खाल्ला की तो नाहीसा होणार, आणि उद्या-परवाच्या रक्ताच्या कागदाला तोंड देणार तो घरचा बिचारा. अशा वीस मिनिटांच्या माणसांच्या हातात कारभार दिला तर कोणतेच धरण बांधून व्हायचे नाही. त्या दोघांचे असे छत्तिसाव्या दिवशी छत्तीसचे आकडे जुळले असताना बाईने शेगडीला वारा घातला आणि म्हणाली, ‘‘काका, मुंग्या लागतील.’’

मी गूळ खाल्ला. तिन्ही खडे.

पाच मिनिटांत जग परत आले. पाणी निळे झाले. मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. म्हणाली, ‘‘गूळपान्याचे पैशे घेतेत व्हय?’’ म्हणून एक कणीस घेतले, आणि हातात आल्यावर लक्षात आले की हेही चालत नाही. ते बसच्या कंडक्टरला दिले.

बसमध्ये मी वकील झालो. माझ्या संकल्पाचे शब्द काय होते? भात, पोळी, साखर. गुळाचा उल्लेख होता का? नव्हता! शेवटी मुलगा कोणाचा! मग मला थोरांचे दाखले आठवू लागले. चुकीचे काही केले की मला थोर माणसे आठवतात. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले होते. १९१८ च्या आजारात ते अगदी खंगले आणि डॉक्टर दलाल म्हणाले की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. तेव्हा खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचवले की व्रत घेताना तुमच्या डोळ्यांपुढे गाई-म्हशी होत्या, शेळीच्या दुधाला काय हरकत? आणि गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. इथपर्यंत माझे प्रकरण मजबूत होते. पण हेच गांधीजी पुढे आत्मकथेत लिहून मोकळे झाले की आपण व्रताचे अक्षर पाळले आणि आत्मा मारला, आणि ते आपल्याला अजून टोचते. स्वतःची पळवाट स्वतःच छापून काढणारा अशील मिळाला तर वकिलाने करायचे काय?

दुसरा दाखला पळणाऱ्यांतलाच. दक्षिण आफ्रिकेचे प्राध्यापक टिम नोक्स. १९८०च्या दशकात त्यांनी पळण्याच्या शास्त्रावर ‘लोर ऑफ रनिंग’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात पळणाऱ्यांनी भरपूर पिष्टमय खावे असे सांगितले. जगभर लोक त्यांच्या भरवशावर पळण्याच्या आदल्या रात्री शेवया खात बसले. वडील मधुमेहाने गेलेले, पुढे तो स्वतःलाही. २०१० साली त्यांनी स्वतः भात-पाव सोडला आणि वाचकांना सांगितले की माझ्या पुस्तकातला आहाराचा भाग फाडून टाका. स्वतःच्या पुस्तकाची पाने! मराठी लेखक आपल्या पुस्तकातली मुद्रणदोषाची पट्टीसुद्धा शेवटच्या पानावर लपवतो. नोक्स यांच्या नव्या मतांवरून बराच गदारोळ झाला, २०१४ पासून त्यांच्यावर वैद्यकीय परिषदेपुढे चौकशी चालली, २०१७ साली ते निर्दोष ठरले. त्यांचे आधीचे मत बरोबर की नंतरचे, हे मला ठरवता येणार नाही. पण शब्द मोडायचा तर चौकात उभे राहून मोडला, हे खरे.

दांडेकर पुलावर उतरेपर्यंत हे दोन्ही दाखले माझ्यावर उलटले होते. मी ठरवले, घरी गेल्या गेल्या सांगायचे.

दार उघडून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘झाले का सोळा?’’

‘‘झाले.’’

‘‘काही त्रास?’’

‘‘छे! उलट मजा आली.’’

तिने माझ्यासाठी अंड्याची पोळी आणि शेंगदाणे काढून ठेवले होते. ती दिवाळीच्या चकल्यांची भाजणी भाजत होती, घरभर वास होता, आणि त्या वासात ती मला कौतुकाने म्हणाली, ‘‘खरंच हं, तुमचा निश्चय मानला पाहिजे.’’ गुळाचे तीन खडे पोटात इतके जड झाल्याचे मी कधी ऐकले नव्हते.

जेवून मी झोपलो. एरवी मी पाचला उठतो. त्या दिवशी घसा कोरडा पडून चारलाच जाग आली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्याशी ही पाठमोरी उभी होती आणि छोट्या पातेल्यातून, उभ्याउभ्या, दहीभात खात होती. भरभर. मी आल्याचे कळताच तिने पातेल्यावर झाकण टाकले. चोर सापडल्यावर कसा दिसतो ते मी सकाळी बसच्या खिडकीच्या काचेत पाहिले होते. आता समोर पाहिले.

आमची ही रत्नागिरीकडची. तिकडे भात हे अन्नाचेच दुसरे नाव आहे. पोळी पाहुण्यांसाठी. तिने छत्तीस दिवस आमच्या दोघांच्या ताटात फ्लॉवर वाढला होता आणि मी खूश होतो की तिलाही तो आवडतो.

‘‘रोज?’’ मी विचारले.

‘‘तुम्ही पळायला जाता तेव्हा, नाहीतर झोपता तेव्हा. मूठभरच लावते. कुकरची शिट्टी होऊ देत नाही.’’

‘‘अगं, पण मला सांगायचंस. मी काय तुला भात खाऊ नको म्हटलं होतं?’’

‘‘म्हटलं नव्हतंत. पण वास आला की तुम्ही जे तोंड करता ना, अण्णा पेढ्याच्या दुकानासमोर करायचे तसं... ते बघून घास उतरत नाही.’’

मग मी तिला गुळाचे सांगितले. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘किती?’’ मी दोन म्हणणार होतो. तीन म्हटले. ती काही वेळ काही बोलली नाही. मी कणसेवाल्या बाईचे वाक्य सांगितले, देव मीच आणि भक्तही मीच, मंजुरी अधिकारी वगैरे सगळे. चांगले रंगवून सांगितले. मला वाटले ती हसेल.

‘‘तुमचा शब्द तुम्ही तुम्हालाच दिलात,’’ ती म्हणाली, ‘‘आणि पाळला मात्र दोघांनी. तेव्हा मला कुठे विचारलंत? उदक सोडलंत, ते पुसलं मी. काय सांडलंत म्हणून विचारलं, तर ‘काही नाही’ म्हणालात.’’

म्हणालो होतो. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत टोकाच्या गावचे शेतकरी असेच बोलायचे. आवाज न चढवता.

मी म्हटले, ‘‘मग आता तूच सोडव. तू म्हणालीस तर उद्यापासून जेवतो भात.’’ खरं सांगतो, हे म्हणताना मला आंबेमोहोराचा वास येत होता.

‘‘मुळीच नाही. सुरू केलंयत तर डिसेंबरपर्यंत निस्तरा. मला त्या डोळ्यांचं पुन्हा करायचं नाहीये.’’ अण्णांची शेवटची दोन वर्षे तिनेच काढली होती. मी फक्त वर्तमानपत्र वाचले. ‘‘पण मी ताटात घेऊन, बसून जेवणार. तुमच्या समोर. आणि शिट्ट्या तीन होणार.’’

त्या रात्री तीन शिट्ट्या झाल्या. तिने ताटात भाताची मूद घातली, वर वरण, वर तूप, लिंबाची फोड. मी समोर बसून फ्लॉवर चावत राहिलो, आणि सांगू का, आधीच्या छत्तीस दिवसांपेक्षा पुढचे छप्पन दिवस जास्त कठीण गेले. आता मी मंजुरी अधिकारी राहिलो नव्हतो. दिवाळीत तर तिने अनारसे माझ्यासमोर मोजून डब्यात भरले.

मुलीने फोनवर सांगितले की असे जेवण असले की मूत्रपिंडे मीठही बाहेर टाकतात आणि खडकवासल्याला मला जे झाले त्यातले निम्मे बहुधा मिठाच्या अभावाने झाले असेल. पुढे मी पळताना लिंबू-मिठाचे पाणी नेऊ लागलो आणि बरे वाटले. म्हणजे त्या शेगडीशेजारच्या वाटीत, कणसाला लावायला ठेवलेले, मला हवे ते होते आणि संकल्पालाही चालणारे होते! तेव्हा सुचले नाही. सुचले असते तर घरी येऊन खोटे बोलावे लागले नसते आणि चार वाजता जागही आली नसती, हाही हिशेब आहे, आणि तो कसा मांडावा हे मला अजून कळलेले नाही.

ब्याण्णवाव्या दिवशी मी अर्धमॅरेथॉन पुरी केली. दोन तास एक्केचाळीस मिनिटे. आधीच्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटे जास्त. रक्ताचा कागद ५.९ झाला. डॉक्टर म्हणाले, छान, आता वाटीभर भात घ्यायला हरकत नाही, पण मोजून. ‘जरा’ म्हणाले नाहीत. सुधारणा आहे.

त्या दुपारी मी पाटावर बसलो. समोर केळीचे पान, पानावर वाफाळता भात. मला एकदम भरून आले. प्रसंगाला साजेसे काहीतरी करावे म्हणून मी तांब्यातले पाणी तळहातावर घेतले आणि तिच्याकडे बघितले. म्हटले, ‘‘तू सोडव. रीतसर.’’

‘‘पुरे झालं ते उदक,’’ ती म्हणाली, ‘‘आत्ताच फरशी पुसलीय. जेवा.’’

भात थोडा गिचका झाला होता. मी काही बोललो नाही.